उसळीच्या वासाचं पुडिंग

इलाबेन आज सकाळी मुलीबरोबर सुरतेला गेल्या, महिनाभरासाठी. जाण्याआधी त्यांनी फ्रिज रिकामा केला. आमच्या मजल्यावर फ्रिज रिकामा करणं म्हणजे तो समोरच्या घरात नेऊन भरणं. अर्धा लिटर दूध, कोथिंबिरीची जुडी, तीन लिंबं आणि एक पुठ्ठ्याचा खोका त्यांनी माझ्या हातात दिला. खोक्यात परवाच्या पेस्ट्री होत्या. नातीचा वाढदिवस आजोळी झाला, सोसायटीतल्या मुली आल्या, नाचल्या, आणि तरी सात पेस्ट्री उरल्या. दोन अननसाच्या, बाकीच्या चॉकलेटच्या, एकीवरचं क्रीम कुणीतरी बोटाने चाटलेलं.

"भाई, फेंकी ना देता हं," इलाबेन जिन्यावरून म्हणाल्या. "शैलाबेनने कहेजो, वधेलानुं पुडिंग करे."

आणि त्यांची चाकांची बॅग एकेका पायरीवर आपटत खाली गेली. मी खोका धरून दारात उभा राहिलो. वधेलानुं पुडिंग म्हणजे उरल्यासुरल्याचं पुडिंग. हे शब्द आमच्या घरात चार वर्षांत कुणी उच्चारले नव्हते. इलाबेन बोलून मोकळ्या झाल्या. बायकोला निरोप पोचवायचं काम माझ्याकडे आलं.

बडोद्याच्या तरसाली भागात मे महिना फार लांबतो. सकाळी आठला गच्चीची फरशी तापते, दुपारी पंखा गरम हवाच खालीवर करतो, आणि चार वाजेपर्यंत माणसाने नुसतं असायचं असतं. मी निवृत्त झाल्यापासून हे नुसतं असणं मला चांगलं जमायला लागलं आहे. मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळलं, एकतीस वर्षं. आता खुर्ची सांभाळतो. थकवा म्हणाल तर कामाचा नाही. काही न बोलण्याचासुद्धा एक थकवा असतो, तो खाली उतरतच नाही.

पण चार वर्षांपूर्वीपर्यंत आमचा मे असा नव्हता. परीक्षा संपल्या की पहिल्या सोमवारी आमच्या दाराबाहेर मुलींच्या चपलांचा ढीग पडायचा. शैलाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, केक-पेस्ट्रीचा सुट्टीतला वर्ग. बावीस उन्हाळे चालला. ती गृहविज्ञान शिकलेली. नोकरी केली नाही, पण ह्या एका महिन्यात ती जितकी राबायची तितकं मी वर्षभरात राबलो नसेन. हॉलमधलं टेबल भिंतीला लागायचं, माझी खुर्ची गॅलरीत जायची, ओव्हन सकाळी नऊला पेटायचा तो दुपारी एकला थंड व्हायचा. सगळं बिनअंड्याचं, कारण निम्म्या मुली जैनांच्या, उरलेल्यांतल्या बऱ्याच वैष्णवांच्या. मुली गुजरातीत भांडायच्या, हिंदीत गाणी म्हणायच्या, आणि शैला त्यांना मराठीत रागवायची. रागावणं सगळ्यांना समजायचं.

वर्ग म्हटला की उरणं आलंच. एकीचा स्पंज मधे बसला, दुसरीचं क्रीम फुटलं, तिसरी कडा सरळ कापता कापता निम्मा केक कापून बसली. शैला काही टाकायची नाही. स्पंजच्या कडा, फसलेले तुकडे, कुणी घरी न नेलेल्या पेस्ट्री, सगळं डब्यात घालून बर्फाच्या कप्प्यात. महिनाअखेरीला डबे काढायचे. पेस्ट्रीवरचं क्रीम आधी चमच्याने खरवडून वेगळं करायचं. स्पंज कुसकरून काचेच्या मोठ्या भांड्यात खाली दाबायचा, त्यावर साखरेचं पाणी शिंपडायचं. दूध निम्मं आटवायचं, त्याला कॉर्नफ्लॉवर लावायचं, गार झालं की त्यात ते खरवडलेलं क्रीम आणि घरची साय घोटायची. जायफळ, वेलदोडा, आणि असला तर केशर आंबा. हे मिश्रण स्पंजवर ओतलं की ते सावकाश खाली मुरत जायचं. दुसऱ्या दिवशी चमचा घातला की स्पंज कुठे संपला आणि साय कुठे सुरू झाली ते कळायचं नाही. वर्गाच्या शेवटच्या दिवशी मुली आणि त्यांच्या आया हे पुडिंग खायला यायच्या. महिनाभरात काय शिकवलं ते आया विसरायच्या, पुडिंग लक्षात ठेवायच्या.

आता एक सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. शैला स्वयंपाक करताना चाखत नाही. तिचं माहेर रावपुऱ्यातलं. पणजोबा दरबारी कचेरीत, आजोबा संस्कृतचे शिक्षक. देवाला दाखवल्याशिवाय जिभेला लावायचं नाही हा त्यांच्या घरचा नेम तिने इथेही पाळला, आणि केकलाही लावला. आमच्या देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाने जितकी ब्लॅक फॉरेस्ट खाल्ली आहे तितकी बडोद्यातल्या दुसऱ्या कुठल्या बाळकृष्णाने खाल्ली नसेल. मग ती अंदाज घ्यायची कशाचा? वासाचा. आमटीत मीठ कमी आहे हे तिला वाफेवरून कळायचं. ओव्हन न उघडता ती आतल्या खोलीतून सांगायची, "काढा गं, दोन मिनिटं राहिलीत करपायला." मुलींना ती जादू वाटायची. मलाही वाटायची, पण मी तसं बोललो नाही.

मी बोललो नाही हेच आमच्याकडचं वळण. आमचे पूर्वज गायकवाडांच्या पलटणीत शिपाई. पलटण गेली, शिस्त राहिली. जेवताना ताटातल्या अन्नाला नावं ठेवायची नाहीत. मीठ कमी असो, भात कच्चा असो, भाकरी करपलेली असो, पानात पडेल ते गुपचूप खायचं आणि उठायचं. लहानपणी मी एकदा कारल्याच्या भाजीला नाक मुरडलं, तर वडिलांनी काही न बोलता माझ्या पानात आणखी कारलं वाढलं. नावं ठेवायची नाहीत, तसं कौतुकही करायचं नाही, कारण एक दिवस कौतुक केलं की दुसऱ्या दिवशीचं गप्प बसणं नावं ठेवल्यासारखं होतं. हा हिशेब आमच्या घरात कुणी समजावून सांगितला नाही, पण सगळ्यांना पाठ होता.

शैलाच्या माहेरी अगदी उलट. तिचे वडील, अण्णा, रोज जेवताना मार्क द्यायचे. "शैले, आमटी दहापैकी सात. चिंच हात सैल सोडून घातलीस." लग्न ठरल्यावर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवलो, तेव्हा सगळं घर माझ्या तोंडाकडे बघत होतं. मी खाली मान घालून चार पुरणपोळ्या खाल्ल्या आणि उठलो. मागाहून कळलं की अण्णा म्हणाले होते, "गप्प बसून चार खाल्ल्या म्हणजे नऊ मार्क दिले म्हणायचे." ते त्या घरात सर्वांनी मान्य केलं. शैलानेही. तेव्हापासून माझ्या गप्प बसण्याचा अर्थ तिने तोच धरला, आणि मी तो खोडला नाही.

साथीची दोन वर्षं वर्ग झाला नाही. साथ ओसरल्यावरच्या हिवाळ्यात तिला ताप आला. चार दिवसांत गेला. वास गेला होता, पण तेव्हा तो पुष्कळांचा जायचा आणि यायचा, त्यामुळे कुणी फार मनावर घेतलं नाही. इलाबेन खबर काढायला आल्या की दारातूनच विचारायच्या, "वास आवी?" पंधरा दिवसांनी शैला म्हणाली, "आला परत." मी बरं म्हणालो. इलाबेनने देवाला नारळ फोडला. मार्चमध्ये शैलाने सोसायटीच्या फळ्यावर वर्गाची चिठ्ठी लावली, आणि पंधरा मुलींची नावं आली.

त्या उन्हाळ्यातलं मला आता तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. आठवतं ते असं, की पहिल्याच आठवड्यात कस्टर्ड खालून लागलं होतं. लागलेल्या दुधाचा वास घरभर होता. शैलाने माझ्यापुढे वाटी ठेवली, मी खाल्ली. मग एकदा नानखटाई खवट तुपाची. खाल्ली. एकदा व्हॅनिला इतका पडला होता की घास तोंडात फिरेना. तोही गिळला. माझ्या मनात आलं, ही थकली आहे. साठी जवळ आली, पंधरा मुली, चाळिशी गाठणारं ऊन. थकलेल्या माणसाच्या हातून होतं. तिला कशाला सांगा. हे मी दयाळूपणाने करतो आहे असं मला वाटत होतं, आणि त्याचं थोडं बरंही वाटत होतं.

एक गोष्ट मात्र तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर असून दिसली नाही. पूर्वी ती वाटी ठेवून आत जायची. त्या उन्हाळ्यात ती जाईना. स्वयंपाकघराच्या दाराला पाठ टेकून, पदराला हात पुसत, माझं खाणं संपेपर्यंत उभी राहायची. मी वाटी रिकामी केली की आत वळायची. मला वाटलं, पाय दुखतात म्हणून टेकून उभी राहते.

वर्ग संपायला दोन दिवस होते. संध्याकाळी मी फिरायला गेलो होतो, येताना सेवउसळ बांधून आणली. बडोद्यात राहून माणूस उसळीवाचून फार दिवस काढू शकत नाही. वेगळ्या पिशवीत तर्री, लालभडक, वर तेलाचा तवंग, आत लसणाचा मारा. थोडी तर्री उरली. ती मी वाटीत काढली आणि तशीच, झाकण न ठेवता, फ्रिजमध्ये सारली. वरच्या कप्प्यावर ताटात पेस्ट्री मांडलेल्या होत्या, बर्फातून काढून सैल व्हायला ठेवलेल्या. क्रीम, साय, लोणी ह्या गोष्टी शेजाऱ्याचा वास लगेच ओढून घेतात. हे मला शैलानेच शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने पुडिंग केलं आणि चवीपुरती वाटी देवाला दाखवून माझ्यापुढे ठेवली. मी पहिला चमचा तोंडात घातला. आधी गोड, मग जायफळ, आणि मग मागून हळूच उसळ आली. साफ, स्पष्ट, लसणासकट. मला क्षणभर हसू येणार होतं. मी वर बघितलं. शैला दाराला टेकून उभी होती. सकाळपासून तिने एक मिनिट बूड टेकलं नव्हतं. तिच्या कपाळावर केस चिकटले होते. काचेच्या भांड्यात तीसेक माणसांचं पुडिंग जमवून ठेवलेलं होतं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच असं झालं असेल, आणि हे तिला आज सांगायचं? मी दुसरा चमचा घेतला. तिसरा घेतला. वाटी खरवडून पुसून खाल्ली. शैलाच्या खांद्यांचा ताण उतरलेला मला दिसला. ती आत गेली आणि गुणगुणत भांडी घासू लागली.

माझ्या आयुष्यात मी भित्रेपणाने केलेल्या गोष्टी पुष्कळ असतील. पण ही मी भित्रेपणाने केली हे कळायलाच मला एक दिवस लागला.

शेवटच्या दिवशी बाहेर चपला मावेनात. आया गाद्यांवर, मुली जमिनीवर. शैलाने नारिंगी काठाची साडी नेसली होती. इलाबेन वाट्या पुढे करत होत्या. पुडिंग सगळ्यांच्या हातात पोचलं, आणि खोली गप्प झाली. पूर्वीही व्हायची, पण ते गप्प होणं वेगळं असायचं. मग हेत्वी नावाची दहा वर्षांची मुलगी, वर्गातली सगळ्यात हुशार आणि सगळ्यात बोलकी, आईला म्हणाली, "मम्मी, आमां तो लसणनी वास आवे छे."

हेत्वीची आई पक्की जैन. कांदालसणाचं भांडंही तिच्या घरात येत नाही. "एवुं ना होय, बेटा," ती म्हणाली, आणि वाटी जमिनीवर ठेवली. हळूच, आवाज न करता. शेजारच्या बाईने ठेवली. मग आणखी दोघींनी. कुणी काही बोललं नाही, सगळ्या सभ्य बायका. "पेट भराई गयुं, बेन," असं हसून म्हणत एकेक उठली. शैला मधोमध उभी राहून प्रत्येकीच्या तोंडाकडे बघत होती. तिने एक वाटी उचलली, नाकाशी नेली, खोल श्वास घेतला. मग पुन्हा घेतला. तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. तेव्हा मला कळलं.

सगळे गेल्यावर इलाबेनने वाटीला नाक लावलं आणि नुसती मान हलवली. त्या गेल्यावर शैला माझ्यासमोर बसली.

"तुम्हाला काल वास आला होता?"

"आला होता."

"कशाचा?"

"उसळीचा. तर्री मीच उघडी ठेवली होती."

"मग बोलला का नाहीत?"

अन्नाला नावं, असं मी सुरू केलं आणि थांबलो.

"मला हिवाळ्यापासून वास येत नाही," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "आला म्हणून खोटं सांगितलं, कारण तुम्ही सगळे वर्ग घेऊ दिला नसता. मला वाटलं, मी निभावून नेईन. नाक नसलं तर तुम्ही आहात. वाईट झालं तर तुमच्या तोंडावर दिसेल, निदान वाटीत उरेल. रोज बघत होते मी. तुम्ही रोज वाटी पुसून खाल्लीत."

खिडकीबाहेर कुलरमधून पाणी ठिबकत होतं, त्याचा आवाज मी ऐकत बसलो.

"अण्णा असते तर म्हणाले असते, शैले, शून्य मार्क. मी ओतून दिलं असतं आणि दुसरं केलं असतं. संपलं असतं." मग तिने विचारलं, आणि हे विचारणं मला अजून पुरून उरतं आहे. "चौतीस वर्षं मी तुमचं गप्प बसणं म्हणजे चांगलं झालं असं धरत आले. त्यातलं खरंच चांगलं किती होतं?"

बहुतेक सगळंच चांगलं होतं. हे खरं होतं, आणि ते सांगायचा हक्क मी त्या दुपारी घालवला होता. मी सांगितलं तरी तिने ते कशावरून खरं मानावं? मी गप्प बसलो. त्याचा तिने कुठला अर्थ घेतला ते मला माहीत नाही.

पुढच्या वर्षी चिठ्ठी लागली नाही. आया विचारायला आल्या, हेत्वीची आईसुद्धा आली, अगदी मनापासून. शैलाने गुडघे पुढे केले. ओव्हन माळ्यावर गेला. माझी खुर्ची गॅलरीतून हॉलमध्ये आली ती आलीच. आणि एक नवीन रीत सुरू झाली. रोज सकाळी दूध तापवण्याआधी शैला पातेलं घेऊन समोरच्या दारी जायची. "इलाबेन, जरा सूंघी जुओ ने." इलाबेन वास घ्यायच्या. "बराबर छे." किंवा, "ना बेन, आ तो गयुं." भाजी, तूप, कालची आमटी, सगळं त्या दारी जाऊन यायचं. दुधाचं पातेलं माझ्या खुर्चीवरून, माझ्या नाकासमोरून जायचं आणि यायचं. मी धडधाकट माणूस, सर्दीसुद्धा क्वचित होते. तिने मला कधी टोमणा मारला नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारायचं सोडलं, आणि मला त्याची लाज वाटत राहिली.

गोड, खारट, आंबट तिला कळतं. "पण श्रीखंड गोड आणि गुलाबजाम गोड, दोन्ही एकच," असं तिने एकदा इलाबेनना सांगितलेलं मी ऐकलं. मला नव्हतं सांगितलं. माझ्या पानात ती अजूनही पहिल्यासारखंच वाढते. मी खातो आणि उठतो. मधे दोनतीनदा मी बोलायचा प्रयत्न केला. "आज भाजी छान झाली." ती म्हणाली, "हो का." तिने ते खरं मानलं नव्हतं, आणि तिचं काही चुकलं नव्हतं.

तर हा खोका. मी तो स्वयंपाकघरात नेऊन ठेवला आणि इलाबेनचा निरोप सांगितला, शब्दाला शब्द. शैला खोका उघडून बराच वेळ बघत राहिली. मी बाहेर येऊन बसलो. दुपार नेहमीसारखी पसरली होती. तासाभराने लायटरचा आवाज आला, आणि मग पातेल्यात ढवळण्याचा. मी उठलो नाही. उठलो तर थांबेल असं वाटलं.

चारच्या सुमाराला ती बाहेर आली, हातात सांडशीने धरलेलं पातेलं. माझ्याकडे न बघता दार उघडून ती समोर गेली. पुढचं मला खुर्चीतून दिसत होतं. इलाबेनच्या दाराला कुलूप. शैला त्या कुलपासमोर पातेलं धरून उभी राहिली. सवयीने गेली होती बिचारी. जिन्यात वाफ वर चढत होती. किती वेळ उभी राहिली कोण जाणे.

मग ती वळली, आत आली आणि माझ्या खुर्चीसमोर थांबली. तिने पातेलं माझ्या नाकाखाली धरलं, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. चार वर्षांनी. पातेलं जड होतं.

वास घ्यायची गरजच नव्हती. दूध लागलं होतं. जिभेवर तो जुना, शिपायाचा गप्पपणा येऊन बसला. दुपारभर ती गॅसपाशी उभी होती, साडी पाठीला चिकटलेली, आणि हे तिला सांगायचं?

"लागलंय," मी म्हणालो.

"किती?"

"बऱ्यापैकी. खालून."

"वेलदोड्याने झाकेल?"

"नाही झाकणार."

ती आत गेली. मोरीत दूध ओतल्याचा आवाज आला. मग तिची हाक आली. "आत या जरा."

फ्रिजमध्ये आमचं सकाळचं दूध होतं. तिने ते पुढे केलं. "ताजं," मी म्हणालो. "मग तुम्ही ढवळा. माझं नाक नाही, तुमचं आहे." मी ढवळलं. मे महिन्याच्या दुपारी गॅसपाशी चाळीस मिनिटं उभं राहणं काय असतं ते मला वयाच्या सहासष्टाव्या वर्षी कळलं. ती शेजारी उभी राहून पेस्ट्रीवरचं क्रीम खरवडत होती. एकेक पेस्ट्री माझ्यापुढे धरायची. ही? चालेल. ही? हिला कोथिंबिरीचा वास आहे. ही? ही चाटलेली आहे, काढून टाक. सातांतल्या चार राहिल्या. दोघांना पुष्कळ झाल्या. इतका वेळ आम्ही एका ओट्यापाशी कधी उभे राहिलो होतो ते दोघांनाही आठवेना. थकवा होताच, पण त्यात आता दोघांचा वाटा होता.

संध्याकाळी पुडिंग जमलं. एक चमचा बाळकृष्णाला, मग माझी वाटी. शैला दाराला पाठ टेकून उभी राहिली, पदराला हात पुसत. मी एक चमचा खाल्ला. मऊ झालं होतं, स्पंज आणि साय एकजीव. चांगलं झालं होतं. आणखी एक चमचा खाल्ला आणि नीट लक्ष दिलं.

"जायफळ कमी पडलंय," मी म्हणालो.

शैला माझ्याकडे बघत राहिली. मग आत गेली, जायफळ आणि छोटी किसणी घेऊन आली आणि माझ्या समोरच्या खुर्चीवर बसली.

"पुरे कधी ते सांगा," ती म्हणाली, आणि माझ्या वाटीवर किसायला लागली.